कापसाच्या शिवारातून ब्लूजच्या गावांना

अमेरिकेतले मेम्फिस शहर सोडून दक्षिणेकडे हायवे ६१ धरला की थोड्याच वेळात उंचवटे संपतात आणि नजर पोहोचेल तिथवर सपाट शिवार पसरते. मिसिसिपी आणि याझू या नद्यांच्या मधला हा गाळाचा पट्टा ‘डेल्टा’ म्हणून ओळखला जातो. चार्ली पॅटन, मडी वॉटर्स आणि बी. बी. किंग हे ब्लूज गायक याच पट्ट्यात घडले. म्हणून जगभरातले संगीतवेडे दोस्तमंडळी जमवून, भाड्याची गाडी घेऊन इथे येतात. २००६ पासून ‘मिसिसिपी ब्लूज ट्रेल’चे निळे फलक वाट दाखवायला उभे राहिले, आज त्यांची संख्या दोनशेच्या वर आहे. पहिला फलक लागला तो हॉली रिज इथे, पॅटनच्या कबरीजवळ.

फलक गायकांची नावे सांगतात. पण ते ज्या जागी उभे आहेत, तिथे बहुतेक ठिकाणी कापूस आडवा येतो, आणि कापसाला वगळून ब्लूज समजत नाही.

मेम्फिसपासून सुमारे १२० किलोमीटरवर क्लार्क्सडेल लागते. इथल्या ६१ आणि ४९ या रस्त्यांच्या चौकात निळ्या गिटारींचा खांब आहे. रॉबर्ट जॉन्सनने अशाच एका चौकात सैतानाला आत्मा विकून कला मिळवली, अशी दंतकथा असल्याने फोटोसाठी इथे सगळे थांबतात. खरी हकिगत मात्र रियाजाची आहे. आइक झिमरमन नावाच्या गिटारवादकाकडे जॉन्सन शिकला आणि रात्रीच्या शांततेत कबरस्तानात बसून त्याने हात तयार केला. १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्ससमध्ये त्याने अवघी २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, तो गेला. ग्रीनवुडच्या परिसरात त्याच्या नावाच्या तीन कबरी दाखवतात.

क्लार्क्सडेलच्या जुन्या रेल्वे मालधक्क्याच्या इमारतीत डेल्टा ब्लूज म्युझियम आहे. आत मडी वॉटर्सच्या लाकडी खोपटाचा सांगाडाच आणून उभा केलेला आहे. हे घर जवळच्या स्टोव्हल मळ्यावर होते. ऑगस्ट १९४१ मध्ये ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क हे संशोधक लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन तिथे पोहोचले. ट्रॅक्टर चालवणाऱ्या मडीने स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकला आणि आपणही गायक म्हणून उभे राहू शकतो, असे त्याच्या मनाने घेतले. १९४३ मध्ये त्याने शिकागोची गाडी पकडली.

ते खोपटे पाहताना तिथल्या जगण्याचा हिशेब ध्यानात घ्यावा लागतो. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, तरी जमीन गोऱ्या मालकांचीच राहिली. कृष्णवर्णीय कुटुंबे बटईने कसू लागली. बियाणे, पीठमीठ, कपडालत्ता सारे मालकाच्या दुकानातून उधार यायचे. हंगाम संपल्यावर हिशेब व्हायचा आणि वही मालकाच्याच हातात असायची. पुष्कळांच्या पदरी वेचणीनंतरही कर्जच उरे.

पोरांना वाद्य कुठून मिळणार? झाडूची तार सोडवायची, घराच्या भिंतीवर दोन खिळ्यांत ताणायची, खाली बाटली सारून ती घट्ट करायची. मग एका हाताने तार छेडत दुसऱ्या हातातली बाटली तारेवरून घसरवायची. सूर तुटत नाही, ओढला जातो, आपल्याकडच्या मींडेसारखा. डेल्टातल्या कितीतरी गिटारवादकांची सुरुवात या ‘डिडली बो’वर झाली.

क्लीव्हलंडजवळचा डॉकरी फार्म्स हा मळा १८९५ मध्ये वसवला गेला. त्याचे स्वतःचे दुकान होते, सरकी काढण्याचा जिनही होता. शनिवारी मजुरी हातात पडली की गाणे-नाचणे रंगायचे. चार्ली पॅटन इथे राहिला आणि त्याच्याकडून हाउलिन वुल्फ शिकला. जिनची इमारत आजही उभी आहे.

इंडियानोलातही तेच. २००८ मध्ये उघडलेल्या बी. बी. किंग संग्रहालयात एक जुना जिन सामावून घेतलेला आहे. तरुणपणी किंग त्याच जिनमध्ये काम करत होता. २०१५ मध्ये त्याचे दफनही इथेच झाले.

मग हे संगीत इथून गेले कसे? क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर ऑक्टोबर १९४४ मध्ये कापूस वेचणाऱ्या यंत्रांचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. उत्तरेकडची वाट लोकांनी आधीच धरली होती. आता हातांची गरजच उरेना. लाखो माणसे शिकागो, डेट्रॉइटला गेली आणि कारखान्यांच्या गजबजाटात गिटारीला वीज जोडली गेली. पुढे याच आवाजावर ब्रिटनमधली रॉकची पिढी पोसली. रोलिंग स्टोन्सचे नावही मडीच्या गाण्यावरून आलेले आहे. शिकागो ब्लूजचा थोर वादक बडी गाय २०११ मध्ये मुंबईच्या मेहबूब स्टुडिओत, महिंद्रा ब्लूज महोत्सवात वाजवून गेला.

डेल्टा मात्र नुसता जुन्या आठवणींवर जगत नाही. क्लार्क्सडेलच्या संग्रहालयात मुलांना ब्लूज शिकवतात. तिथे शिकलेला, १९९९ मध्ये जन्मलेला क्रिस्टोन ‘किंगफिश’ इन्ग्रम याने ‘६६२’ या अल्बमसाठी २०२२ मध्ये ग्रॅमी मिळवले. ६६२ हा उत्तर मिसिसिपीचा दूरध्वनी क्रमांकाचा कोड आहे. एप्रिलमध्ये जूक जॉइंट महोत्सव भरतो, तेव्हा गावातल्या दुकानांसमोर सकाळपासून वादन सुरू होते आणि रात्री गाणे जूक जॉइंटमध्ये, म्हणजे गाण्या-नाचण्याच्या गुत्त्यांत सरकते. मित्रांसोबत जायचे तर त्याच सुमारास जावे, आणि राहायची सोय बरीच आधी करून ठेवावी.