'लग्नाला यायचं हं!'चं अक्षर

नागपुरातली कुठलीही लग्नपत्रिका घ्या, महालातली असो की धरमपेठेतली. वर गणपती, मग 'कृ. सा. न. वि. वि.', मुहूर्त, मंगल कार्यालयाचा पत्ता, आणि तळाशी घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांचं 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' एकाच कागदावर दोन आवाज आहेत, वडीलधाऱ्यांचा आणि पोरांचा. हस्ताक्षरी वळणाचा फाँट या दुसऱ्या आवाजासाठी आहे, आणि तिथे तो हवाच. ही वाटणी मराठीला नवी नाही. पोथी बाळबोधीत, हिशेब आणि पत्रव्यवहार मोडीत, अशी जुनी रीत होती. नागपूरकर भोसल्यांच्या कारभारातही मोडीच चाले. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग हात होता होईतो न उचलता तिच्याखाली लिहीत जायचं, ही मोडीची चाल. छापखान्यात मात्र बाळबोध रुळली, पुढे शाळेतूनही मोडी गेली, आणि छापील मराठीला धावत्या हाताचं वळण जवळजवळ उरलंच नाही.

ती उणीव भरून काढणाऱ्यांपैकी एक म्हणजे इंडियन टाइप फाउंड्रीचा 'कलम'. गूगल फाँट्सवर तो मोफत मिळतो. त्यातली देवनागरी अक्षरं लिपी रावल यांची, रोमन अक्षरं जॉनी पिनहॉर्न यांची. अक्षरं बॉलपेननं लिहिल्यासारखी तिरकी; पण खरी खुबी शिरोरेघेत आहे. ती पट्टीनं आखलेली नाही, प्रत्येक अक्षरावर तिला किंचित बाक आहे. साधा फाँट संगणकावर नुसता तिरका केला तर शिरोरेघ ताठच राहते आणि खालची अक्षरं वाऱ्यानं कलल्यासारखी दिसतात. हात दिसतो तो त्या बाकामुळे.

हे नकली हस्ताक्षर आहे, असा आक्षेप येतो, आणि त्यात तथ्य आहे. फाँटमध्ये 'काका' लिहिलं की दोन्ही 'का' बहुधा हुबेहूब सारखे उमटतात. माणसाच्या हातून तसं कधी होत नाही. सुलेखनकार कमल शेडगे यांनी नाटकांच्या शीर्षकांना दिलेलं रूप कुठलाही फाँट देणार नाही. पण प्रत्येक पत्रिकेसाठी, सावजी भोजनालयाच्या प्रत्येक भावफलकासाठी सुलेखनकार कुठून आणायचा? दुसरा आक्षेप पोरकटपणाचा. विन्सेंट कॉनेर यांनी 1994 मध्ये कॉमिक सॅन्स केला तो संगणकाच्या पडद्यावरच्या एका कार्टून कुत्र्याच्या संवादांसाठी. लोकांनी तो सूचनाफलकांवर चिकटवला आणि हसं मात्र फाँटचं झालं. चूक जागेची होती. मेट्रोच्या सीताबर्डी इंटरचेंजवर ऑरेंज लाइनवरून अ‍ॅक्वा लाइनकडे घाईनं निघालेल्या प्रवाशाला लाडिक अक्षर नको, सरळ, मोकळं अक्षर हवं. पत्रिकेतल्या मुहूर्ताचंही तसंच. म्हणून पत्रिका छापायला टाकण्याआधी तारीख, वेळ आणि पत्ता घरातल्या आजी-आजोबांना चष्मा न लावता वाचायला सांगा. ते अडखळले तर तेवढा मजकूर साध्या अक्षरात घ्या, आणि 'यायचं हं' खुशाल 'कलम'मध्ये राहू द्या.