सुहूर सनांत दोनदां येणारी तारीख

जुन्या मराठी पत्रांच्या अखेरीस मिति आढळते ती पुष्कळदां पुढील धाटणीची असते : ‘छ २५ सवाल, सु॥ इहिदे सितैन मया व अलफ’. अशी मिति एकाच दिवसाची निदर्शक असावी, असें कोणासही वाटेल. परंतु प्रस्तुत मितीचे दिवस एक नसून दोन आहेत व त्यांमध्यें सुमारें एका वर्षाचें अंतर आहे. हें कसें घडतें, तें आम्ही येथें थोडक्यांत विशद करितों.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहूं. ‘छ’ हें चांद्र तारखेचें चिन्ह, व ‘सवाल’ म्हणजे शव्वाल महिना. पुढील शब्द अरबी संख्यावाचक असून मराठी लेखकांच्या हातून घासून निघालेले आहेत. इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १०० व अलफ १०००, मिळून ११६१. संस्कृत ग्रंथांतील शब्दांकांप्रमाणें येथेंही एकं स्थानापासून आरंभ होतो. ‘सबा’ म्हणजे ७ व ‘सबैन’ म्हणजे ७०, ‘खमस’ ५ व ‘खमसैन’ ५०, हा भेद वाचतांना विसरतां कामा नये. कित्येक लेखक शतक व सहस्र गाळून नुसतें ‘इहिदे सितैन’ लिहितात; तेव्हां १०६१ कीं ११६१, हें अक्षराचें वळण व पत्रांतील माणसें यांवरूनच ठरवावें लागतें.

आतां या सनाची घडण पाहूं. सुहूर हें ‘शहर’, म्हणजे महिना, या अरबी शब्दाचें अनेकवचन. गणितानें मागें जातां या सनाचा मेळ हिजरी ७४५ शीं, म्हणजे इसवी १३४४ शीं, बसतो. त्या वेळीं दिल्लीच्या तख्तावर महंमद तुघलक होता. आंकडा हिजरीचा घेतला, परंतु वर्ष मात्र सौर ठेविलें. सूर्य मृग नक्षत्रीं जातो त्या दिवशीं सन पालटतो. म्हणूनच त्यास मृगसाल असेंही नांव आहे. कारण उघड आहे. सारा पिकावर, पीक पावसावर आणि पाऊस सूर्यावर अवलंबून. सुमारें ३५४ दिवसांचें हिजरी वर्ष ऋतूंतून सरकत जातें. तें शेतकऱ्याच्या किंवा महालच्या हिशेबास उपयोगी पडत नाहीं. या सरकण्यामुळेंच ७४५ या आंकड्यावर एकत्र असलेले दोन सन पानिपतच्या दिवशीं, १४ जानेवारी १७६१ रोजीं, सुहूर ११६१ व हिजरी ११७४ असे तेरा वर्षांनीं दूर गेलेले होते.

खरी अडचण पुढेंच आहे. सन सौर, परंतु महिना व तारीख हिजरी चांद्र. सौर वर्षांत चांद्र वर्ष पुरें होऊन सुमारें अकरा दिवस उरतात. तितक्या तारखा एकाच सुहूर सालीं दोनदां येतात. इसवी १७६० च्या जूनच्या आरंभीं ११६१ साल लागलें, तेव्हां शव्वाल महिन्याचा शेवटचा भाग चालू होता. आणि १७६१ च्या मेअखेरीस तें संपण्यापूर्वीं तेच दिवस पुन्हां आले. म्हणून वरील मितीचें पत्र जून १७६० मधील असूं शकेल, तसें मे १७६१ मधीलही. पहिल्या वेळीं भाऊसाहेबांची फौज उत्तरेच्या वाटेवर होती. दुसऱ्या वेळीं पानिपतास होऊन चार महिने लोटले होते. पत्रांत ‘फौजेची खबर’ मागितली असेल, तर तिचा अर्थ या एका निर्णयावर सर्वस्वीं पालटेल.

सुहूर सनांत ५९९ मिळवितांच इसवी सन येतो, हा नियम मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच खरा. जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. मृगाच्या आगेमागें पडणाऱ्या तारखेस मात्र दोन्ही बेरजा करून पाहाव्या, पत्रांत वार किंवा मराठी तिथि असल्यास त्यांच्याशीं ताडा घ्यावा, व तीं नसल्यास मजकुरावरून निर्णय करावा. तेवढ्यानेंही निर्णय न झाल्यास संग्राहकांनीं कागदाच्या वेष्टनावर दोन्ही दिवस नमूद करून ठेवावे. एक दिवस निःशंकपणें लिहिला गेला, कीं पुढील अभ्यासक मूळ मिति पुन्हां उकलून पाहण्याच्या खटपटींत सहसा पडत नाहीं.