नायलॉनचे पार्ट घरी रंगवताय? आधी प्लास्टिक ओळखा

व्हिडिओत पातेल्यातून काळेभोर पार्ट बाहेर येताना तुम्ही पाहिले. पण या कामात पैसे वाचतात ते गॅस पेटवायच्या आधी. तेच इथे सविस्तर लिहून देतो.

सुरुवातीला मी मार खाल्ला आहे. पाचोऱ्याच्या एका ग्राहकाने रिमोट कारचे ४० पांढरे पार्ट आणून दिले, काळे करून हवे होते. मी ॲडव्हान्स घेतला आणि सगळे एकदम पातेल्यात टाकले. अर्धे मस्त काळे झाले. बाकीचे साबणाने धुतले, तर पुन्हा पांढरेच! ते नायलॉन नव्हतेच. ॲडव्हान्स परत करावा लागला.

असं का होतं? आपल्या जळगावच्या प्लास्टिक चटया आठवा. त्या पॉलिप्रॉपिलीनच्या. त्यांचा रंग दाणा वितळवतानाच मिसळतात, कारण हे प्लास्टिक नंतर पाण्यातला रंग धरत नाही. नायलॉन वेगळं आहे. त्याच्या साखळीच्या टोकांना अमाइन गट असतात. पाणी आंबट केलं की त्यांच्यावर धन भार येतो. ॲसिड डायच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून दोघं एकमेकांना घट्ट धरतात. लोकर आणि रेशीम रंगवतात तोच हा रंग. थ्रीडी प्रिंटिंगवाले नायलॉनचे पार्ट असेच गरम पाण्यात रंगवून विकतात.

ओळख कशी करायची? पार्ट पाण्यात बुडवून हवेचे बुडबुडे झटका. तरंगला तर बहुतेक पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन, बाजूला ठेवा. बुडाला म्हणजे नायलॉनच असं नाही. एबीएस, पीव्हीसी, ॲसिटल हेही बुडतात. म्हणून प्रत्येक प्रकारचा एकच पार्ट आधी रंगवून बघा. ग्राहकाला तो दाखवा, मगच बाकीचे घ्या.

कृती

१. पार्ट भांड्याच्या साबणाने धुवा. तेलाचा हात लागला की डाग पडतो.
२. स्टीलच्या पातेल्यात १ लिटर पाणी, २ मोठे चमचे पांढरं व्हिनेगर, पाव चमचा ॲसिड डाय. पूड आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवा.
३. पाणी उकळीच्या जरा खाली ठेवा, साधारण ८५ ते ९५ अंश. थंड पाण्यात रंग आत शिरत नाही.
४. पार्ट तळाला टेकू देऊ नका, वाकतात. चहाच्या गाळणीत ठेवून हलवत राहा.
५. १५ ते ३० मिनिटांनी काढा, पाणी गाळूनच थांबेपर्यंत धुवा, म्हणजे धुतलेलं पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे.

हे पातेलं पुन्हा स्वयंपाकात वापरायचं नाही. हातमोजे घाला, पूड नाकात जाऊ देऊ नका, खिडकी उघडी ठेवा.

ग्राहकाला आधीच सांगा: काळ्याचा पांढरा होत नाही, फक्त फिक्याचा गडद होतो. रंग वरच्या थरातच असतो, खोल ओरखडा पडला की आतला पांढरा दिसतो. नायलॉन पाणी पितं आणि किंचित फुगतं, म्हणून गिअरसारखे घट्ट बसणारे पार्ट नीट वाळल्याशिवाय बसवू नका.

आता हिशोब. समजा ४० पार्टला रंग, व्हिनेगर, गॅस मिळून १२० रुपये लागले आणि तुमच्या दोन तासांचे २०० धरले. एकूण ३२०. तुम्ही म्हणाल, पार्टला ८ रुपये पडले. पण ४ खराब झाले तर विकायला ३६ उरले, म्हणजे जवळपास ९ रुपये. शिवाय ते ४ ग्राहकाचे असतील तर भरपाई तुमच्याच खिशातून. नफा यानंतर लावायचा. बरेच जण स्वतःची मजुरी धरतच नाहीत आणि महिनाअखेर विचारतात, पैसा गेला कुठे?

म्हणून मोठी ऑर्डर घेण्याआधी या आठवड्यात फक्त पाच पार्ट रंगवा. किती चांगले निघाले, किती वेळ लागला, वहीत लिहा. तुमचा दर त्या वहीतूनच निघेल.