आजोबांच्या रेझरला ब्लेड कुठले?

घरातल्या वडीलधाऱ्यांना कोणी आजोबा म्हणते, कोणी अज्जा. पण त्यांच्या दाढीच्या सामानाला हात लावायची कुणाची टाप नसते. मुलाने तीन किंवा पाच पात्यांचा नवा रेझर आणून दिला तरी ते आपला जुना, दोन पात्यांचाच मागतात. हा नुसता हट्ट नव्हे. मुठीचे वजन, गालावर टेकवायचा कोन हे सारे हाताला बसलेले असते. हात थरथरू लागले, नजर कमी झाली की हीच सवय त्यांना कापण्यापासून वाचवते.

अडते ते ब्लेडपाशी. बाजारात मराठीत विचारा नाहीतर ‘ब्लेड ऐतेन्री?’ म्हणा, दुकानदार उलट विचारतो, ‘कुठल्या रेझरचे?’ त्याचे उत्तर मुठीच्या टोकाकडे पाहून मिळते.

तीन घराणी

जिलेटचा दोन पात्यांचा ‘ट्रॅक टू’ १९७१ मध्ये अमेरिकेत आला. त्याचे डोके हलत नाही आणि कार्ट्रिज बाजूने सरकवून बसवतात. आपल्याकडचा ‘सेव्हन ओ’क्लॉक पी टू’ याच घराण्यातला. इंग्लंडहून कुणी आणलेला ‘जी टू’ही तोच.

१९७७ मध्ये ‘अॅट्रा’ आला. याचेही कार्ट्रिज बाजूनेच सरकते, पण खाच अरुंद असते आणि डोके गालाच्या उंचवट्याप्रमाणे मागेपुढे झुलते. परदेशातला ‘कंटूर’ आणि आपल्याकडचा ‘व्हेक्टर’ यांची जोडणी हीच.

१९९० चा ‘सेन्सर’ निराळा. त्याचे कार्ट्रिज मुठीवर दाबून अडकवावे लागते आणि दोन्ही पाती बारीक स्प्रिंगवर बसवलेली असतात. ‘सेन्सर एक्सेल’चे कार्ट्रिज जुन्या सेन्सरच्या मुठीला चालते.

एका घराण्याचे कार्ट्रिज दुसऱ्याला बसत नाही. त्याच घराण्यासाठी इतर कंपन्यांनी काढलेली कार्ट्रिजेस मात्र चालू शकतात.

खरेदी करताना

नुसते नाव सांगून भागत नाही. मूठ धुऊन, कागदात गुंडाळून दुकानात न्या. जुने कार्ट्रिज असल्यास तेही. पहिल्यांदा सर्वांत लहान पाकीटच घ्या. कार्ट्रिज जोर न लावता बसले पाहिजे आणि बसल्यावर डुगडुगता कामा नये. झुलणाऱ्या डोक्याचे असेल तर ते मोकळे झुलले पाहिजे. जबरदस्तीने बसवलेले कार्ट्रिज ऐन दाढीत निसटले तर जखम ठरलेलीच. जुन्या मुठीच्या खाचेत साबणाचा मळ साचलेला असतो. जुन्या टूथब्रशने आणि कोमट पाण्याने तो काढला की न बसणारे कार्ट्रिजही पुष्कळदा नीट बसते.

ब्लेड टिकवण्यासाठी

केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ. तरी धार का जाते? अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की केसाच्या माऱ्याने पात्याच्या कडेचे बारीक टवके उडतात. म्हणून दाढी आधी कोमट पाण्याने चांगली भिजवावी. भिजलेला केस मऊ होतो आणि सहज कापला जातो. दाढी झाल्यावर कार्ट्रिज वाहत्या पाण्याखाली धुऊन, झटकून कोरड्या जागी ठेवावे. फडक्याने पाती पुसू नयेत. पाती केस ओढू लागली की काटकसर पुरे, कार्ट्रिज बदलावे.

अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची दाढी मुलगा किंवा सून करत असेल तर कातडी हलकेच ताणून, केसांच्या दिशेनेच हात फिरवावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर अधिक जपावे. लहानशी जखमही लवकर थांबत नाही. आणखी एक पथ्य : बाप-लेकांनीही एकमेकांचे ब्लेड वापरू नये. हेपॅटायटिस बी आणि सीसारखे रोग रक्ताच्या कणातूनही पसरू शकतात.

वापरलेले कार्ट्रिज केराच्या पिशवीत सुटे टाकू नका. झाकणाच्या डब्यात साठवा आणि डबा भरला की चिकटपट्टीने बंद करून, वर ‘ब्लेड’ असे लिहून द्या. हा शब्द मराठीत तोच, कन्नडमध्येही तोच. कचरा उचलणाऱ्याचा हात त्याने वाचेल.