अर्ज पुरे, समन्स हवे

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त सैनिक. महारांची बंद झालेली सैन्यभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून त्यांनी १८९४ साली सरकारसाठी अर्ज लिहिला. आज किहीमच्या माजी सैनिकाचे वा सैनिकाच्या विधवेचे काम अडले, तरी हाती अर्जच! जिल्हा सैनिक मंडळ फार तर सल्ला देणार. मग जबाबदार अधिकाऱ्याला कागदपत्रांसह हजर करायचे कुणी?

अनुसूचित जाती आयोगाला संविधानाच्या कलम ३३८(८) ने चौकशीत समन्स काढण्याचा अधिकार दिला आहे. माहिती आयोगाला २००५ च्या कायद्याने. माजी सैनिकांच्या कल्याणावर देखरेख करणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेलाही तो मिळालाच पाहिजे. ज्याच्या हाती समन्स नाही, तो रखवालदार कसला? आम्ही दया मागत नाही, जाब विचारण्याचा हक्क मागतो.