पीआरचा हिशोब

सुरतेतल्या नवागाम-डिंडोलीत फिरलं की मराठी आणि अहिराणी सहज कानावर पडते. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून पोटापाण्यासाठी आलेली ही माणसं. राज्य बदललं, पण परवाना लागला नाही. देशात कुठेही राहण्याची मुभा राज्यघटनेचं कलम १९ देतं. मतदारयादीत नाव लागलं की गडी सुरतेचा. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून नवसारीचे खासदार आहेत, त्यात नवल वाटत नाही ते यामुळेच.

अशा घरातला मुलगा कॅनडात जातो, काही वर्षांनी ‘पीआर मिळाला’, म्हणजे पर्मनंट रेसिडेन्सी, कायम राहण्याचा परवाना मिळाला, असा फोन येतो आणि घरात पेढे वाटले जातात. मुलगा तिकडचा झाला असं सगळे धरून चालतात. तसं नसतं. व्हिसावर असताना त्याचं तिथलं राहणं कॉलेजशी किंवा मालकाशी बांधलेलं होतं. ती गाठ सुटली, एवढंच. आता तो हवी ती नोकरी धरू शकतो, सोडू शकतो. मत मात्र देऊ शकत नाही, आणि गंभीर गुन्हा केला तर परत पाठवला जाऊ शकतो.

‘पर्मनंट’ हा शब्दच थोडा फसवा आहे. कॅनडाचा नियम असा की कुठल्याही ५ वर्षांत किमान ७३० दिवस तिथे राहिलेलं असावं. सलग नकोत, सुटे चालतात. समजा, मुलगा पहिली २ वर्षं तिथे राहिला आणि मग वडिलांच्या आजारपणासाठी ३ वर्षं नवागामला येऊन राहिला. पाचव्या वर्षाअखेर हिशोब काठावर जमतो. पण ही ५ वर्षं तपासणीच्या दिवसापासून मागे मोजतात. त्यामुळे पुढे इथे काढलेल्या प्रत्येक दिवसागणिक तिथला जुना एक दिवस गळत जातो.

पीआर कार्डाची मुदत ही वेगळी भानगड. कार्ड संपलं म्हणून पीआर संपत नाही. पण भारतात असताना संपलं, तर विमानात बसण्याआधी प्रवासाचा खास कागद काढावा लागतो.

अमेरिकेच्या ग्रीन कार्डाला दिवसांची अशी बेरीज नाही, तिथे घर खरंच अमेरिकेत आहे का हे पाहतात. वर्षभर किंवा त्याहून जास्त बाहेर राहायचं असेल, तर निघण्याआधीच री-एंट्री परमिटचा अर्ज करावा.

या सगळ्यात पासपोर्ट भारताचाच राहतो. वडिलांचं खान्देशातलं शेत वारशाने नावावर होतं, मात्र परदेशात स्थायिक असताना नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही. मताचा हक्कही शाबूत: फॉर्म ६ए भरून पासपोर्टवरच्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं. पत्ता नवागामचा असेल, तर मत द्यायला नवागामलाच यावं लागतं. तिकडचं नागरिकत्व घेतलं की मात्र हा हक्क जातो आणि भारताचा पासपोर्ट जमा करावा लागतो. त्याऐवजी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळतं. त्यावर येणं-राहणं होतं, मतदान होत नाही.