वैमानिक स्त्रिया आणि ‘सवलत’

मुलींना वैमानिक होण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली की अनेकांना वाटते, त्यांच्यासाठी निकषही सैल केले असणार. तसे होत नाही. भारतात व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी (पगार घेऊन विमान चालवण्याची मुभा) किमान २०० तासांचे उड्डाण, लेखी परीक्षा आणि कसून वैद्यकीय तपासणी लागते. स्त्री असो वा पुरुष, त्यातला एक तासही कमी होत नाही.

आडगावातून दहावीच्या केंद्रापर्यंत जादा एसटी सोडली, म्हणून प्रश्नपत्रिका सोपी होत नाही. शिष्यवृत्तीचे काम त्या एसटीसारखे आहे. वैमानिकाचे प्रशिक्षण लाखो रुपयांचे, आणि एवढा खर्च मुलीवर करायला घरे आजही कचरतात. खरी अडचण तिथे आहे.

बाळंतपणानंतर कामावर परतण्याबाबतही हाच घोळ होतो. प्रवासी नेणाऱ्या वैमानिकाने मागच्या ९० दिवसांत किमान तीन उड्डाणे व तीन अवतरणे केलेली असावी लागतात. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली स्त्री सिम्युलेटरवर (विमानाच्या कॉकपिटची हुबेहूब प्रतिकृती) पुन्हा सराव करते. पाय मोडून घरी बसलेला पुरुषही तेच करतो. तिला सोयीचे वेळापत्रक देणे ही कौशल्यातली सूट नव्हे.

या निकषांवर स्त्रिया केव्हाच उतरल्या आहेत. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी इंडियन एअरलाइन्सचे फोकर विमान कोलकात्याहून सिलचरला नेले, तेही सर्व महिला कर्मचाऱ्यांसह. आज भारतातल्या वैमानिकांत स्त्रिया सुमारे १५ टक्के आहेत. जगाची सरासरी जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास.